कडेची चार बोटं

"सर, हिच्या आजोबांना तीन हात आहेत!"

तिसरीतली अठ्ठावीस पोरं एकदम हसली की खिडकीची काच थरथरते, हे त्याला सहासष्टाव्या वर्षी कळलं होतं. तोही हसला. शुक्रवारच्या तासाला प्रत्येकानं पाळीपाळीनं घरून एक चित्र आणायचं, ज्याच्यावर आपला पक्का विश्वास आहे असं, आणि बाकीच्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं, हा नियम त्यानंच घातलेला. हात मोजा, बोटं मोजा, सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात बघा, आणि सगळ्यात आधी कडा बघा, कारण लबाडी नेहमी कडेला असते, हेही त्यानंच घोकून घेतलेलं. हल्ली यंत्रं चित्रं बनवतात, त्यात माणसाला सहा बोटं येतात, कधी जास्तीचा हातच फुटतो, म्हणून मोजायचं. तो हसतहसतच बाकापाशी गेला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, आणि काचेच्या फ्रेममधलं वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण बघितलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. मागून धूर. पायऱ्यांवर पांढऱ्या शर्टातला एक माणूस, दोन्ही हातांवर घेतलेलं बाळ, तोंड बरोबर कॅमेऱ्याकडे. आणि डाव्या कडेला, बाळाच्या पाठीखाली, चार बोटं. फक्त बोटं. त्यामागे मनगट नाही, बाही नाही, माणूस नाही. तिथं चित्र संपतं आणि काळी रेघ लागते. खालची ओळ वाचायची त्याला गरज नव्हती. ती त्यानंच लिहिली होती. ते चित्र त्यानंच कापलं होतं, चौतीस वर्षांपूर्वी, दुपारी साडेबारा वाजता.

"खोटा! खोटा! मशीनचा फोटो!" पोरं ओरडायला लागली. कात्रण आणणारी मुलगी काडीसारखी किडकिडीत, म्हणून सगळे तिला पेन्सिल म्हणत. ती फ्रेम छातीशी धरून उभी राहिली. तिचा खालचा ओठ बाहेर आला होता. "खोटा नाहीये. माझ्या आजोबांनी बाळाला वाचवलं होतं. आगीतून. पेपरात आलंय. आजी रोज पुसते ती काच." त्यावर पहिल्या बाकावरचा एक गुटगुटीत मुलगा उठला. प्रत्येक गोष्टीत हुज्जत घालतो म्हणून त्याचं नाव वकील. तो शांतपणे म्हणाला, "मग मोज ना. एक हात डोक्याखाली. दुसरा गुडघ्यांखाली. आणि हा तिसरा. सांग, कुणाचा?" मुलीनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं सरांकडे बघितलं. वर्गातल्या सगळ्यांनीच सरांकडे बघितलं. आता ह्या प्रश्नाचं खरं उत्तर ठाऊक असलेला जगात एकच माणूस उरलेला असावा आणि तो खडू हातात घेऊन तिसरीच्या वर्गात उभा आहे, असं त्याला वाटलं.

"यंत्राचा नाही," तो म्हणाला. "तेव्हा असली यंत्रं नव्हतीच. फोटो खरा आहे." "मग हात?" वकील सोडायला तयार नव्हता. शिकवलेलंच तसं होतं ना! तेवढ्यात घंटा झाली. शाळेची घंटा इतकी गोड त्याला स्वतःच्या लहानपणीही वाटली नसेल. "सोमवारी सांगतो," असं म्हणून त्यानं फळा पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

घरी जाताना त्यानं नेहमीची बस सोडली आणि चालत निघाला. पाय आपोआप चालत होते, डोक्यात मात्र ते साडेबारा वाजले होते. सांजदैनिकाचं काम म्हणजे दुपारी एकला पान गेलंच पाहिजे, मग आकाश कोसळो. आग सकाळी साडेनवाला लागली, अकराला फोटोग्राफर धापा टाकत आला, त्याच्या अंगाला धुराचा वास येत होता, आणि त्यानं ओला फोटो टेबलावर टाकून सांगितलं होतं. सांगितलं होतं, इथंच तर सगळं घोडं अडतं. ठाऊक नव्हतं म्हणायची सोय नाही. "डावीकडचा पाठमोरा आहे ना, तो लिफ्टमन. लिफ्ट बंद पडली तर हा गडी चार मजले जिन्यानं वर गेला. चौथ्या मजल्यावरच्या दवाखान्यात बाळ राहिलं होतं, आई गर्दीच्या लोंढ्यात खाली ढकलली गेलेली. ह्यानं आणलं. हा पांढरा शर्टवाला तळमजल्यावरचा छत्र्यांचा दुकानदार, दारात उभा होता, त्यानं शेवटच्या तीन पायऱ्यांवर हातात घेतलं, बस." फोटो तीन कॉलमांचा बसवला होता. बारा वाजून वीस मिनिटांनी जाहिरात विभागातला माणूस पंख्यांची जाहिरात घेऊन आला, आणि तीन कॉलमांचे दोन झाले. आता एका कॉलमाएवढं काहीतरी जायला हवं. त्या कचेरीत ह्याला सगळे कात्री म्हणत, आणि कात्रीचा एक कायदा होता, जो त्याच्या वरिष्ठानं त्याला शिकवला होता आणि त्यानं पुढे चार पोरांना शिकवला: चेहरा ठेव, पाठ काप. पाठ कोण बघतं? त्यानं लाल पेन्सिल घेतली, पट्टी ठेवली आणि फोटोवर उभी रेघ मारली. रेघ अजून उजवीकडे घेतली असती तर बाळाचं डोकं गेलं असतं, म्हणून चार बोटं आत राहिली. पान लावणारा म्हणाला, "साहेब, ही बोटं पांढरा रंग लावून उडवू का? भुतासारखी दिसतायत." त्यानं घड्याळ बघितलं. "राहू दे रे. कोण बघतंय!"

कोण बघतंय. त्या संध्याकाळी लाखभर माणसांनी तो फोटो बघितला आणि ती बोटं खरंच कुणी बघितली नाहीत. महापौरांनी बघितली नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानदाराला हार घातला. संपादकांनी बघितली नाहीत. ते म्हणाले, फोटो काय जिवंत कापलाय, वा! चौतीस वर्षांनी आठ वर्षांच्या एका पोरानं बघितली, कारण कुण्या शहाण्यानं त्याला कडा बघायला शिकवलं. फुटपाथवर चालताचालता तो मोठ्यांदा "वा रे शहाणा" म्हणाला, तेव्हा समोरून येणारी एक बाई बाजूला झाली.

आणि आता तीच कात्री पोरांना शिकवते! निवृत्तीनंतर दोन वर्षं तो घरात बसून भिंती बघत होता. मग शाळेनं 'खरं-खोटं' नावाचा तास सुरू केला. पोरांच्या हातात पाटीऐवजी टॅब्लेट आले होते, सातव्या वर्षी ती नाही नाही ते बघत होती आणि जे बघतील ते खरं मानत होती. कुणीतरी म्हणालं, त्या पेपरवाल्याला विचारा, जन्मभर फोटोंतच होता. तो गेला, आणि रमला की चक्क! टॅब्लेटवर त्यानं पोरांना स्वतःचाच फोटो हत्तीच्या पाठीवर बसवून दाखवला, शाळेच्या शिपायाला चंद्रावर झाडू मारायला लावलं. दर सोमवारी तो एक चित्र आणायचा आणि गंभीर तोंडानं सांगायचा, "हे शंभर टक्के खरं आहे." पोरांनी ते खोटं पाडायचं. कधी तो चिडल्याचं सोंग करायचा, कधी डोळ्यांत पाणी आणायचा, एकदा तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्यावर एवढाही विश्वास नाही?" आणि सगळा वर्ग ओरडला होता, "नाही!" पहिल्याच दिवशी त्यानं तो नियम फळ्यावर लिहून घेतला होता: चित्र बघताना सरांचंसुद्धा ऐकायचं नाही. वर्गाच्या बाई मागच्या बाकावर बसून वह्या तपासत, त्यासुद्धा त्या दिवशी मान वर करून म्हणाल्या होत्या, "अहो, हे फारच छान. असं कुणी शिकवत नाही हो." तो आठवडाभर खूश होता. पकडलेली चित्रं भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर टाचली जायची, वर रंगीत अक्षरांत 'पकडलं!' आणि प्रत्येकाखाली पकडणाऱ्यानं एक ओळ लिहायची. 'हत्तीला सावली नाही.' 'चंद्रावर झाडू नसतो.' त्या ओळी वाचून येणारेजाणारे थांबायचे.

लिफ्टमन तिसऱ्या दिवशी आला होता. खाकी कपडे, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्ट्या, बोटांची टोकं तेवढी उघडी. टेबलासमोर उभाच राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही. त्यानं घडी घातलेला पेपर उघडला आणि पट्टीतली बोटं छापलेल्या बोटांशेजारी ठेवली. "ही माझी आहेत साहेब." तो आरोप करत नव्हता, हेच वाईट होतं. त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. आग विझवणारे आले तेव्हा लिफ्टजवळ कुणी नव्हतं. मालक म्हणतात, लिफ्टमन जागा सोडून पळाला, म्हणून लोक जिन्यावर अडकले, म्हणून कामावरून काढलं. मी वरच्या दवाखान्यात होतो म्हटलं तर म्हणतात, पळताना भाजलं असेल. दुकानदाराला विचारा म्हटलं, तर तो म्हणतो, मला काही आठवत नाही, धूर होता. "हा माणूस तिथे नव्हताच, असं लिहून दिलंय साहेब मालकांनी. तुमचा पुरा फोटो असेल तर एक कॉपी द्या. नाव छापू नका, काही नको. मालकाला दाखवतो फक्त. आणि घरी." मग जरा थांबून, "घरीसुद्धा विचारतात हो." फोटो खणात होता. त्याच टेबलाच्या, त्याच्या गुडघ्याला लागत असलेल्या खणात, लाल रेघेसकट. काढून द्यायला दोन सेकंद लागले असते. पण कालच हार घातला गेला होता, आजच्या अंकात त्याचा फोटो होता, आणि उद्या हा माणूस पुरा फोटो घेऊन दुसऱ्या पेपरात गेला तर? संपादक विचारतील, फोटोओळ कुणी लिहिली? त्यानं तोंड उघडलं आणि अगदी सहज निघालं, "निगेटिव्ह बाहेर गेलीय हो धुवायला. पुढच्या आठवड्यात या." लिफ्टमननं पेपरची घडी पहिल्यासारखीच घातली, "बरं साहेब, येतो मग," म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात खरंच आला. तेव्हा ह्यानं सांगितलं, हरवलीय.

घरी पोचला तेव्हा बायकोनं चेहरा बघूनच विचारलं, "काय झालं? पोरांनी हरवलं वाटतं." त्यानं सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, तसं तो कधी सांगत नसे. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत. "तोच ना, रविवारी घरी आला होता तो?" ती म्हणाली. त्याला वाटलं होतं ती विसरली असेल. बायका काही विसरत नाहीत, फक्त बोलत नाहीत. तिसऱ्या खेपेला लिफ्टमन कुठून तरी पत्ता काढून रविवारी सकाळी घरी आला होता आणि हा आतल्या पडद्यामागे उभा राहिला होता, दाढीचा फेस अर्ध्या गालावर, श्वास रोखून. तिनं दारात सांगितलं होतं, ते घरी नाहीत. तिनं त्याला पाणी दिलं होतं. त्यानं डाव्या हातानं पेला घेतला, उभ्याउभ्या प्यायला, "तुम्हाला त्रास दिला ताई," म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही. "माझ्या तोंडून खोटं वदवलंत त्या दिवशी," ती म्हणाली. "तो ताई म्हणाला मला. अजून कानात आहे माझ्या." त्यानं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. "आता काय करणार आहात?" "कळत नाही. ती पोर आजोबांना देव मानते. मागच्या वर्षी गेले ते. खरं सांगितलं तर..." "आणि नाही सांगितलं तर?" त्यानं ताटातली एक काडी उचलली आणि परत ठेवली. "बघा बाई तुमचं तुम्ही," ती म्हणाली, "पण सांगायचं असेल तर सांगून टाका, नाहीतर तोंडाला कुलूप लावा. मधल्यामध्ये लोंबकळू नका. चौतीस वर्षं लोंबकळताय, मी बघतेय ना!" आणि भाजीचं ताट उचलून आत गेली.

शनिवारी दुपारी त्यानं कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली. फोटो त्यानं नोकरी सोडताना खणातून आणला होता. का आणला, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. फेकता आला असता. फेकला नाही म्हणून आपण फार काही वाईट माणूस नाही, असं समाधान त्या पेटीत झाकून ठेवलं होतं की काय कुणास ठाऊक. फोटो चकचकीत होता, कालच धुतल्यासारखा. अंधारात राहिल्यामुळे पिवळा पडला नव्हता. आणि तो होता. डावीकडे, पुरा. रुंद पाठ, खाकी शर्टावर घामाचा आणि काजळीचा डाग, मान पुढे झुकलेली, उजवा हात बाळाच्या पाठीखाली अजून तसाच, सोडावं की नाही अशा बेतात. बाळ दुसऱ्याच्या हातात गेलंय पण ह्याचा हात अजून निघत नाहीय. कात्रीनं त्या दिवशी हे बघितलंच नव्हतं. त्यानं पाठ बघितली होती आणि कॉलमाची रुंदी बघितली होती. रेघ बोटांच्या मुळाशी गेली होती, अजून लाल. बराच वेळ तो फरशीवर बसून राहिला, मांडीला मुंग्या आल्या तरी. मग त्याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. आता रडून कुणाला दाखवतोयस? तो माणूस जिवंत असेल तर सत्तरीत असेल. कुठं असेल? नाव तरी आठवतंय का तुला? नाव आठवत नव्हतं. त्यानं नाव सांगितलं होतं, दर वेळी सांगितलं होतं, आणि ह्यानं दर वेळी मान हलवली होती.

रविवारी त्यानं मनाशी वाक्यं जुळवली. पोरांना कळेल अशी. तुझे आजोबा खोटे नव्हते, त्यांनी बाळाला हातात घेतलं होतं. पण बाळाला आणलं दुसऱ्यानं. त्याला मी कापलं. मी. जागा कमी होती म्हणून कापलं आणि भीती वाटली म्हणून लपवलं. हे वाक्य त्यानं आंघोळ करताना म्हटलं, पायात चपला घालताना म्हटलं, बायकोला म्हणून दाखवलं. "सोपं करा," ती म्हणाली, "तिसरीची पोरं आहेत." पण तिनं त्याचा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. रात्री त्याला झोप लागली, आणि त्याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

सोमवारी वर्गात शिरला तेव्हा पेन्सिल टुणकन उभी राहिली. शुक्रवारची रडवेली पोर ती नव्हेच. "सर, तिसरा हात बाळाच्या आईचा! आजीनं सांगितलं. आई शेजारी उभी होती, ती फोटोत आली नाही. आजी म्हणाली, आईचा हात असणारच ना." वकिलानं क्षणभर विचार केला, मग न्यायाधीशासारखी मान हलवली. "चालेल," तो म्हणाला. वर्गाच्या बाई मागून हसल्या. त्यानं पाकिटातून फोटो काढला आणि टेबलावर उभा केला, सगळ्यांना दिसेल असा. "आज मी एक फोटो आणलाय," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा जड निघाला. "हा तोच फोटो आहे. पण पुरा. हा बघा. हा हात आईचा नाही. ह्या माणसाचा आहे. बाळाला ह्यानं वाचवलं. हा फोटो खरा आहे. शंभर टक्के खरा आहे."

मग पोरांच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली, आणि त्याला कळलं. हे शब्द ह्याच टेबलाशी, ह्याच आवाजात, दर सोमवारी निघाले होते. पोरं पुढे सरकली, बाकांवर गुडघे टेकून वाकली. "सर, तोंड का नाही ह्याचं?" एकीनं विचारलं. "तुम्हीच म्हणालात, तोंड लपवलं की संशय घ्यायचा!" दुसरा म्हणाला, "तिचा फोटो पिवळा आहे, हा नवा चकचकीत आहे. जुना फोटो नवा कसा?" "पेपरात कुठे आहे हा माणूस? पेपरात नाहीच!" "सर, हा खाकीवाला एवढा मोठा कसा दिसतो?" तो म्हणाला, "कारण तो पुढे उभा होता. ऐका. आज खेळ नाहीये. मी खरं सांगतोय." पोरं खदाखदा हसली. मागच्या वेळी पाणी आणलेल्या डोळ्यांची कुणीतरी नक्कल केली. "बाळांनो, खरंच रे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "आज सर काय भारी करतायत!" एक पोरगी शेजारणीला म्हणाली. तेवढ्यात वकील पुढे आला, टेबलावर हनुवटी टेकून त्यानं फोटो डोळ्यांजवळ घेतला, आणि किंचाळला. "रेघ! लाल रेघ! बघा, बघा, सरांनी इथूनच जोडलाय! इथून कापलं आणि ह्याला चिकटवलं! रेघ पुसायला विसरले सर!"

मग जो गलका झाला तो आवरायला बाईंना उठावं लागलं. पोरं टाळ्या पिटत होती. इतका अवघड फोटो त्यांनी आजवर पकडला नव्हता. "बोटांना जुळेल असाच माणूस शोधलाय सरांनी, कसले हुशार!" वकील सगळ्यांना समजावत होता. पेन्सिल उड्या मारत होती, तिचे आजोबा वाचले होते. त्यानं हात वर केला, हात खाली घेतला. "बाई," तो मागे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही तरी..." बाईंच्या डोळ्यांत कौतुकाचं पाणी होतं. "अहो, कमाल केलीत. आपल्याच मागच्या तासाचा फोटो घेऊन! रेघसुद्धा मुद्दाम ठेवलीत ना? मी बघत होते, तुम्ही अगदी रडवेले झालात. मलाही क्षणभर खरं वाटलं हो." तो बाईंकडे बघत राहिला. अजून वेळ होता. दार लावून घेता आलं असतं, खुर्चीवर बसून, खेळ मोडून, एकेक शब्द सांगता आला असता; पोरं घाबरली असती, रडली असती, पेन्सिल तर नक्की रडली असती, पण ऐकलं असतं कुणीतरी. हे सगळं त्याला दिसलं. आणि त्याच्या आत, बरगड्यांच्या खाली कुठंतरी, काहीतरी सैल झालं. बरं वाटलं. मी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. किती सोपं! स्वतःची इतकी किळस त्याला त्या रविवारी पडद्यामागेसुद्धा आली नव्हती.

"शाब्बास," तो म्हणाला.

पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. बाईंनी टाचण्यांची डबी आणून दिली. 'पकडलं!'च्या फळ्यावर हत्तीच्या आणि झाडूवाल्या शिपायाच्या मध्ये एक जागा रिकामी होती, फोटो तिथं बरोबर बसला, काही कापावं लागलं नाही. ओळ कुणी लिहायची यावर भांडण झालं, तर वकील मोठ्या मनानं म्हणाला, "तिला लिहू दे. तिचे आजोबा आहेत." पेन्सिल स्टुलावर चढली. जाड निळा तेलखडू घेऊन, जीभ बाहेर काढून तिनं पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर एकेक अक्षर गिरवलं, मध्येच थांबून वाचलं, पुढे लिहिलं. तिच्या खांद्यावरून त्यानं वाचलं: 'हा माणूस तिथे नव्हता.'

"सर, खालचं टोक धरा ना," ती म्हणाली, "वाकडं होतंय." त्यानं दोन बोटांनी टोक धरलं, आणि ती टाचणी लावेपर्यंत सरळ धरून ठेवलं.